गाळून उरलेलं विष

सियालदहहून बनगावची लोकल पकडली की हाबरा, गोबरडांगा, ठाकूरनगर अशी स्टेशनं लागतात. उत्तर चोवीस परगणा जिल्ह्याचा हा भाग बांगलादेशाच्या सीमेला टेकलेला आहे. भात, ताग, केळीच्या बागा, घराघरामागे एक पुकुर म्हणजे तळं, आणि दर चार घरांआड हापसा. मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. तिकडेही तळी आणि भातच, त्यामुळे इथे मला फारसं परकं वाटलं नाही. पाणी तपासणं हे माझं काम. नोकरीची बरीच वर्षं मी याच भागात हापशांच्या पाण्यातलं आर्सेनिक मोजण्यात आणि ते काढणाऱ्या फिल्टरांवर देखरेख करण्यात घालवली. फिल्टरांविषयी लिहिलं-बोललं पुष्कळ जातं. मला लिहायचंय ते फिल्टर धुतल्यावर खाली उरणाऱ्या तांबूस चिखलाविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1983 च्या सुमारास कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे खेड्यांतून वेगळेच रुग्ण येऊ लागले. छातीपाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात आणि तळपाय जाड, खरखरीत, त्यावर टणक गाठी. कारण निघालं हापशाच्या पाण्यातलं आर्सेनिक. पुढे जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून नमुने गोळा केले आणि प्रश्न केवढा मोठा आहे ते सरकारपुढे मांडत राहिले. सीमेपलीकडे बांगलादेशात तर याहून भयंकर चित्र होतं. 2000 साली ॲलन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं. त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग वर्षानुवर्षं असं पाणी प्यायल्यावर होतो. पाण्याला ना वास, ना चव. आणि हे हापसे बसवले होते ते तळ्याच्या पाण्यातून होणारी हगवण आणि कॉलरा थांबावा म्हणून, चांगल्या हेतूनं.

हे आर्सेनिक कुठल्या कारखान्याचं नाही. हिमालयातून नद्यांनी वाहून आणलेल्या मातीच्या कणांवर लोखंडाच्या गंजाचा पातळ थर असतो, आणि त्या थराला आर्सेनिक चिकटलेलं असतं. हवा असते तोवर ते तिथेच राहतं. पण त्याच मातीबरोबर कुजका पालापाचोळाही खाली गाडला गेला. तो कुजताना जमिनीखालचा प्राणवायू संपला, की काही सूक्ष्मजीव प्राणवायूऐवजी त्या गंजावर आपलं भागवतात. गंज पाण्यात विरघळतो आणि त्याला धरून असलेलं आर्सेनिकही पाण्यात येतं. म्हणून या भागात लोह आणि आर्सेनिक बहुधा जोडीनं सापडतात. हापशातून नितळ पाणी येतं आणि बादलीत थोडा वेळ राहिलं की तांबूस होतं, कारण हवा लागून गंज पुन्हा तयार होतो. हवा आहे तोवर लोखंड आर्सेनिकाला धरून ठेवतं, हवा संपली की सोडून देतं. गाळाचं काय करायचं आणि काय करायचं नाही, ते सगळं यावर ठरतं.

फिल्टर हाच गुण वापरतात. कुठे लोखंडी खिळे किंवा कीस, कुठे लोखंडाचा क्षार घालून साका बसवणं, कुठे सक्रिय ॲल्युमिनाचे बारीक पांढरे कण. मी ज्यांच्यावर जास्त काम केलं ते हापशाला जोडलेले सामुदायिक फिल्टर. शिबपूरचं बंगाल इंजिनिअरिंग कॉलेज आणि अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे अरूप सेनगुप्ता यांनी 1997 पासून ते उत्तर चोवीस परगण्यात बसवायला सुरुवात केली. स्टीलची उंच टाकी, आत साधारण शंभर लिटर ॲल्युमिना. वरच्या भागात पाणी शिंपडून खाली पडतं, त्यात हवा मिसळते, लोह तिथेच गंजून बाहेर पडतं आणि बरंचसं आर्सेनिक सोबत घेतं. राहिलेलं खाली ॲल्युमिना धरतं. वीज लागत नाही, हापसणाऱ्याच्या हातांवर सगळं चालतं. रोज सकाळी उलटं पाणी सोडून टाकी धुवावी लागते, आणि तेव्हा तो तांबूस गाळ बाहेर येतो.

आता हिशोब करू. दोनशे कुटुंबं, प्रत्येकी रोज 20 लिटर, म्हणजे 4000 लिटर पाणी. लिटरमागे 200 मायक्रोग्रॅम आर्सेनिक धरा. या भागात हे काही टोकाचं प्रमाण नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारताची मर्यादा 10 मायक्रोग्रॅमची आहे, बांगलादेशाची 50 ची. फिल्टर नीट चालला तर दिवसाला पाऊण ग्रॅमहून थोडं जास्त आर्सेनिक अडतं, वर्षाला जवळजवळ 290 ग्रॅम. आपल्याकडे जुन्या माणसांना सोमल, म्हणजे आर्सेनिकाचंच विष, माहीत असतो; त्याची माणसाचा जीव घेणारी मात्रा 0.1-0.2 ग्रॅमच्या आसपास आहे. गाळातलं आर्सेनिक लोखंडाला बांधलेलं असतं, त्यामुळे त्याला हात लावून कुणी मरत नाही, ते सोमलासारखं चटकन अंगात भिनत नाही. पण ते मूलद्रव्य आहे. जाळून संपत नाही, कुजत नाही, किडे-जंतू खाऊन नाहीसं करत नाहीत. दहा वर्षं फिल्टर चांगला चालला तर त्या अंगणात कुठेतरी जवळजवळ तीन किलो आर्सेनिक साठलेलं असणार. फिल्टर जितका चांगला, तितका साठा मोठा.

आणि नेमकं इथेच सगळ्यांचं लक्ष उडतं. निविदेत फिल्टरची किंमत असते, बसवण्याची मजुरी असते, उद्घाटनाचा मांडवही असतो. गाळाचा रकाना नसतो. मी असे फिल्टर पाहिले आहेत ज्यांचं धुण्याचं पाणी सरळ नळीनं पुकुरात सोडलेलं होतं, त्याच पुकुरात दुपारी बायका भांडी घासत होत्या आणि पोरं डुंबत होती. एका प्राथमिक शाळेच्या कुंपणामागे कुणा ठेकेदारानं जुनं ॲल्युमिना बदलून तिथेच ओतून ठेवलं होतं. पांढरट-तपकिरी ढीग, वाळूसारखा मऊ. मधल्या सुट्टीत लहान मुलं त्यात बसून घरं बांधत होती. मुख्याध्यापकांना विचारलं तर त्यांना ते बांधकामातून उरलेलं काहीतरी वाटत होतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचा दोष नाही.

ज्यांना सांगितलं जात नाही, त्या बहुतेक बायका असतात. गायघाट्याकडच्या एका फिल्टरची राखण करणारी एक विधवा मासी मला सारखी विचारायची, ‘‘दीदी, एटा कोथाय फेलबो?’’ हे कुठे टाकू? पाड्यातली माणसं तिला म्हणत होती, शेणाच्या खड्ड्यात टाक, शेणानं विष मरतं. हा सल्ला तिच्या शेजाऱ्यांनी मनानं काढलेला नव्हता. शेणातले सूक्ष्मजीव आर्सेनिकाचा वायू करतात आणि तो हवेत उडून जातो, असं सीमेच्या दोन्ही बाजूंना बरीच वर्षं सांगितलं गेलं आणि तसं केलंही गेलं. थोडासा वायू होतो हे खरं. पण ज्यांनी आत घातलेलं किती आणि उडालेलं किती याचा ताळा मांडून पाहिला, त्यांना उडालेला भाग फारच थोडा आढळला. राहिलेलं खड्ड्यातच असतं, आणि कुजणाऱ्या शेणात प्राणवायू टिकत नाही. म्हणजे ज्या कारणानं जमिनीखाली आर्सेनिक सुटलं, तेच कारण आपण आपल्या हातांनी वर तयार करतो. मग पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरतो आणि पुढे ते खत शेतात जातं.

मासीला आणि तिच्या पाड्याला हे तोंडी सांगून पटेना, म्हणून दोन काचेच्या बरण्या घेतल्या. दोन्हींत त्याच फिल्टरचा गाळ. एकीत साधं पाणी घालून तोंडाला नुसतं फडकं बांधलं आणि ती अधूनमधून ढवळायची ठेवली. दुसरीत शेणाचं पाणी काठोकाठ भरून झाकण मेणानं बंद केलं. दोन्ही तिच्याच घरी पडवीत राहिल्या. काही आठवड्यांनी पहिलीतला गाळ होता तसाच विटकरी, वरचं पाणी नितळ. दुसरीतला आधी करडा आणि मग काळा पडला, उघडल्यावर कुजलेल्या अंड्याचा वास आला. दोन्हींतलं वरचं पाणी गाळून मी प्रयोगशाळेच्या यंत्रावर लावलं. फडकं बांधलेल्या बरणीच्या पाण्यात आर्सेनिक जेमतेम होतं, शेणाच्या बरणीच्या पाण्यात भरपूर. पण मासीला यंत्राच्या आकड्यापेक्षा रंग पुरेसा होता. त्यानंतर तिनं गाळाचा रंग बघायची सवयच लावून घेतली, आणि माझ्या मते गावात कुणालाही करता येणारी याहून चांगली तपासणी नाही: विटकरी असेल तर धरून आहे, काळा पडला तर सोडतोय.

आता कायद्याची बाजू. गाळ धोकादायक आहे की नाही हे ठरवायला जगभर एक अमेरिकन चाचणी वापरतात, आणि आपल्या 2016 च्या धोकादायक कचरा नियमांतही आर्सेनिकासाठी तिचीच मर्यादा आहे. गाळ वीसपट वजनाच्या सौम्य ॲसेटिक आम्लात घालून 18 तास बाटली फिरवायची, मग त्या द्रावात लिटरमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक उतरलं तर धोकादायक. फिल्टरचा लोहयुक्त गाळ ही चाचणी बहुधा आरामात पास होतो. माझ्या टेबलावरून असे किती तरी अहवाल गेले आहेत, आणि त्यांतला आकडा खोटा नसतो. पण त्या बाटलीत हवा असते, सूक्ष्मजीव नसतात आणि वेळ एका दिवसाचाही नसतो. शिवाय आम्लात शिसं विरघळतं, आर्सेनिकाला मात्र लोखंड आम्लातच अधिक घट्ट धरतं. ते सुटतं अल्कधर्मी पाण्यात, फॉस्फेटच्या सान्निध्यात आणि हवा नसताना, म्हणजे जुन्या कचऱ्याच्या ढिगात असतं तशा परिस्थितीत. ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये हे दाखवून दिलं: खऱ्या कचराभूमीतल्या पाझराशी तुलना केली तर ही चाचणी आर्सेनिकाची गळती कमी दाखवते. तरीही ‘धोकादायक नाही’ हा शिक्का बसला की त्या गाळाची जबाबदारी कुणावरच राहत नाही. तो साधा कचरा ठरतो आणि साध्या कचऱ्यातच जातो. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

मग करायचं काय? सेनगुप्ता आणि शिबपूरच्या मंडळींनी जी पद्धत बसवली ती मला आजही सगळ्यात शहाणपणाची वाटते. फिल्टरच्या शेजारीच विटांचा एक हौद बांधायचा, त्यात जाड वाळू, खालून आणि बाजूंनी हवा खेळेल अशी सोय, वर पावसापासून झाकण. टाकी धुतलेलं पाणी त्यावर सोडलं की पाणी वाळूतून नितळ होऊन निघून जातं, गाळ वरच राहतो आणि सुकतो. ॲल्युमिनाची ताकद संपली की ते फेकायचं नाही. एका ठिकाणी नेऊन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानं धुतलं की त्यातलं आर्सेनिक द्रावणात उतरतं, मग आम्लानं धुऊन ते पुन्हा टाकीत भरता येतं. असं वारंवार करता येतं. उरलेल्या कॉस्टिकच्या पाण्यात लोखंडाचा क्षार घालून आम्लता नेमकी राखली की सगळं आर्सेनिक लोखंडाबरोबर खाली बसतं. पाणी सोडायचं, आणि जो थोडासा साका राहिला तोही तशाच हवेशीर हौदात ठेवायचा. शंभर लिटर ॲल्युमिना फेकण्याऐवजी ओंजळभर गाळ सांभाळायचा, एवढा हा फरक आहे. आणि तो गाळ गाडायचा नाही, ही गोष्ट लोकांना सगळ्यात उलटी वाटते. घाण दिसेनाशी करायची आपली जुनी सवय. इथे ती डोळ्यांसमोर, हवेत, झाकणाखाली ठेवायची.

काम सोपं नाही. कॉस्टिकशी खेळताना हातमोजे आणि चष्मा लागतो, आम्लता मोजायची पट्टी लागते, शिकलेला माणूस लागतो. म्हणून धुण्याचं काम दहा-वीस फिल्टरांमागे एका जागी करावं लागतं. हौदाची वाळू वरून खरवडावी लागते, नाहीतर वरचा थर घट्ट बसतो, खाली पाणी तुंबतं आणि वर विटकरी दिसणारा गाळ दोन बोटं खाली काळा पडलेला असतो. मासी बांबूची काठी खुपसून बघायची: काठी ओढून काढली की तिच्यावर रंगांचे पट्टे दिसत. करड्या रंगाचा पट्टा दिसला की ती फिल्टरच्या कमिटीतल्या पोरांना हाक मारून वाळू उलटीपालटी करून घ्यायची. कुटुंबांकडून दरमहा थोडी वर्गणी जमायची, त्यातून तिला मानधन मिळायचं. जिथे ही वर्गणी बंद पडली तिथे आधी गाळाकडे दुर्लक्ष झालं, मग फिल्टरकडे.

दुसरे मार्गही आहेत. बांगलादेशात ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठात गाळ मिसळून विटा भाजून पाहिल्या; विटा चांगल्या होतात. पण आर्सेनिकाचं ऑक्साइड उष्णतेनं सहज उडतं. भट्टीत किती उडालं आणि किती विटेत राहिलं हे तापमानावर आणि मातीतल्या चुन्यावर ठरतं, आणि गावच्या वीटभट्टीच्या धुराड्यावर ते मोजणार कोण? काँक्रीट मला जास्त भरवशाचं वाटतं. दक्षिण चोवीस परगण्यातल्या धपधपीच्या शाळेत 2016 पासून लोखंडी पट्ट्यांतून वीज सोडून आर्सेनिक काढणारं, दिवसाला 10,000 लिटरचं संयंत्र आहे. मूळचे मुंबईचे आणि अमेरिकेत काम केलेले अशोक गाडगीळ यांच्या गटाचं ते तंत्र. तिथल्या गाळाचं काँक्रीटमध्ये काय होतं, यावर कोलकात्यातल्या संशोधकांनी काम केलं आहे. रस्त्याच्या कडेच्या ठोकळ्यांत थोड्या प्रमाणात घालायला हरकत नसावी, पाण्याच्या टाकीत किंवा घराच्या भिंतीत मात्र नको.

एक आक्षेप मला गावातल्या शिकलेल्या तरुणांनी घेतलेला आहे आणि तो बरोबर आहे. उन्हाळी बोरो भाताला हंगामात मीटरभर पाणी लागतं, आणि ते त्याच उथळ कूपनलिकांचं असतं. लिटरमागे 200 मायक्रोग्रॅम धरलं तर एका एकरात एका हंगामात 800 ग्रॅम आर्सेनिक मातीवर येतं. दोनशे कुटुंबांच्या फिल्टरमधून वर्षाला निघतं त्याच्या जवळजवळ पावणेतीनपट, तेही एकाच एकरात. मग तीनशे ग्रॅमची एवढी काळजी कशाला? मी त्यांना सांगत आले आहे की बोरोचं पाणी हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, तो सोडवायलाच हवा. पण शेतातलं आर्सेनिक एकरभर पसरलेलं असतं. फिल्टरचं चार फुटांच्या जागेत, शाळेच्या अंगणात, हापशाच्या पायथ्याशी जमा होतं, जिथे मुलं रोज उघड्या पायांनी येतात. आणि शेतातल्या पाण्याबद्दल कुणी लोकांना हे सुरक्षित आहे असं वचन दिलेलं नाही. फिल्टर बसवताना दिलेलं असतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटेल. पण गोंदिया आणि गडचिरोलीला लागूनच छत्तीसगडचा जुना राजनांदगाव जिल्हा आहे. तिथे अंबागढ चौकी भागात, कौडीकसा गावच्या परिसरात 1999 मध्ये आर्सेनिक सापडलं. ते गाळाच्या मातीतलं नाही, जुन्या ज्वालामुखीच्या खडकांतलं. चंद्रपूर आणि यवतमाळमध्ये प्रश्न फ्लोराइडचा आहे, आणि ते काढायलाही हेच सक्रिय ॲल्युमिना वापरतात. ते संपल्यावर कुठे जातं, हे त्या गावांच्या ग्रामसभेत विचारायला काहीच हरकत नाही. गावोगावी आता आरओचे प्लांट दिसतात. आरओ पाण्यातलं जे अडवतो ते दुसऱ्या नळीतून, आणखी दाट होऊन बाहेर पडतं. ती नळी बहुतेक ठिकाणी गटारात असते.

खोल जाणाऱ्या चांगल्या कूपनलिका आणि नदीचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी हाच कायमचा मार्ग आहे, आणि बंगालमध्ये त्या दिशेनं मोठं काम चाललं आहे. पण पाइपलाइन पोहोचेपर्यंत आणि पोहोचल्यावरही, आजवर साठलेला गाळ जागेवरच राहणार. नळ आला की फिल्टर बंद पडतो, मासीचं मानधन थांबतं, हौदाचं झाकण कुणीतरी उचलून नेतं, आणि पावसानं भरलेल्या त्या हौदात वर्षानुवर्षांचं आर्सेनिक हवेशिवाय पडून राहतं. बंद पडलेल्या फिल्टरांची मला चालू फिल्टरांपेक्षा जास्त धास्ती वाटते.

म्हणून नळयोजनेच्याच पैशात जुन्या फिल्टरांचा गाळ उचलण्याचा खर्च धरला पाहिजे. प्रत्येक तालुक्यात पुराच्या पातळीच्या वर एक छप्पर असलेली, हवेशीर, पक्क्या तळाची जागा हवी, आणि कुठल्या गावातून किती गाळ आला याची वही हवी. त्यापलीकडे जे झेपणार नाही ते हल्दियाच्या धोकादायक कचरा केंद्रात जावं, चाचणीचा शिक्का काहीही असो. जागा होईपर्यंत ज्या अंगणात हौद आहे तिथल्या लोकांनी झाकण जाग्यावर ठेवावं, महिन्यातून एकदा काठी खुपसून रंग बघावा, आणि हौदाच्या सगळ्यात जवळच्या हापशाचं पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, तपासून घ्यावं. नमुन्याची बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देताना तिच्यावर हौदापासूनचं अंतर लिहावं, म्हणजे पुढच्या वर्षी आकडा चढला तर कशामुळे चढला ते शोधता येईल.